तुझ्या नावाने चाललेला माझा धंदा

तीर्थरूप तोमिए मावशीस,
नागोयाहून चिहारूचा कमरेतून वाकून नमस्कार. (खुर्चीत बसूनच वाकले आहे, पण वाकले आहे.)

डोंगरावरून थंडी खाली उतरू लागली असेल, आणि पर्सिमनची फळं सोलून तू छपराखाली माळा टांगल्या असशील. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस, की तो अजून काकांच्या फोटोखालच्या खणातच आहे? सध्या सुमोच्या कुस्त्या चालू आहेत, म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत तू कुणाचंच ऐकत नसणार. म्हणून फोन न करता पत्र लिहिते आहे. (हे खरं कारण नाही. फोनवर तू मधेच ‘मुद्द्याचं बोल’ म्हणतेस, आणि या गोष्टीत मुद्द्यापर्यंत पोचायला मला चार पानं तरी लागतील.) दोन वर्षांत नव्या वर्षाच्या कार्डापलीकडे तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल क्षमा असावी. त्यालाही कारण आहे, आणि ते तिसऱ्या पानावर येईल.

मी मजेत आहे. मजेच्याही थोडी वरच आहे. मावशी, मी नोकरी सांभाळून धंदा काढला आहे आणि तो उत्तम चालतो आहे. फक्त येत्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, हा धंदा आणि ती नोकरी दोन्ही एकदम जाण्याची थोडीशी शक्यता आहे, आणि ते थांबवणं सर्वस्वी तुझ्या हातात आहे. घाबरू नकोस. मी अजिबात घाबरलेली नाही. आधी सगळं पहिल्यापासून सांगते.

तुला माहीतच आहे की मी शटर बनवणाऱ्या कंपनीत सामान्य प्रशासन खात्यात आहे. या खात्यात नेमकं काय करतात, हे तू मला दर नव्या वर्षाला विचारतेस आणि मी दर वर्षी ‘सगळंच’ म्हणते. तर सगळंच म्हणजे गेलेले दिवे बदलणं, चहाचा हिशोब, भूकंपाची कवायत, हरवलेल्या छत्र्या, आणि कंपनीत कोणाचं लग्न झालं, कोणाला मूल झालं किंवा कोणाचे वडील गेले, की आहेराचं वा सांत्वनाचं पाकीट आणून ठेवणं. चौदा वर्षं ही पाकिटं मी दुकानातून आणते आहे. आणि चौदा वर्षं मला त्यांचा राग येतो आहे. पाकिटावरची मिझुहिकीची गाठ ओढून पाहावी, तर ती गाठ नसतेच. कागदी दोऱ्या यंत्राने वाकवून मागून डिंकाचा ठिपका दिलेला असतो. ज्या मुलीने सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या इईदाला तुझ्या गाठी बांधायच्या पाटाशेजारी बसून काढल्या, तिने अशी पाकिटं पैसे देऊन विकत आणायची आणि वर दुकानदाराला थँक्यू म्हणायचं, म्हणजे किती सोसायचं माणसाने!

तीन वर्षांपूर्वी हिशोब खात्यातल्या ओसानाईचं लग्न ठरलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी दोऱ्या मागवल्या आणि स्वतः बांधलं. दहा दोऱ्यांची, पक्की, दोन्ही टोकं ओढली की आणखी आवळत जाणारी गाठ. मावशी, आपल्या तोंडाने सांगू नये, पण कोणी दुसरं सांगायला नाही म्हणून सांगते, अप्रतिम झाली होती. ओसानाईच्या सासूने पैसे काढून घेतल्यावर पाकीट फेकून न देता भिंतीवर लावलं. मग त्या सासूच्या मैत्रिणीने मागितलं, मग त्या मैत्रिणीच्या केशकर्तनवालीने मागितलं, आणि बघता बघता जेवणाच्या सुट्टीत मी सामानाच्या खोलीत शटरच्या कॅटलॉगांच्या गठ्ठ्यावर पाट मांडून बसू लागले. (डबा सकाळी गाडीतच खाऊन घेते. त्याने पचनही सुधारलं आहे.)

आता धंदा म्हटला की आजकाल ब्लॉग लागतो. त्याशिवाय लोकांना तुम्ही आहात हेच कळत नाही. पण स्वतःच्या नावाने लिहायची सोय नव्हती, कारण आमच्या कंपनीच्या नियमावलीत कलम एकोणतीस आहे: कर्मचाऱ्याने दुसरा कोणताही व्यवसाय करू नये. हे कलम दर एप्रिलमध्ये नव्याने टाइप करून फलकावर लावायचं काम माझ्याकडेच आहे, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही. म्हणून मी ‘नागोयातील एक हौशी’ या नावाने लिहू लागले. पहिले दोन महिने तीन वाचक होते. त्यातली एक मी ऑफिसच्या संगणकावरून, एक मी माझ्या फोनवरून, आणि तिसरा कोणीतरी होक्काइदोचा, जो बहुधा मासेमारीच्या दोऱ्या शोधत आला होता.

मग एके दिवशी विषय सुचेना, म्हणून तू एकदा घाऊक व्यापाऱ्याला त्याच्या तोंडावर सुनावलं होतंस ते जसंच्या तसं लिहून टाकलं. आठवतं? त्याने डिंकाने चिकटवलेली गाठ नमुना म्हणून आणली होती, आणि तू म्हणालीस, ‘चिकटवायचंच असेल तर पोस्टाची तिकिटं चिकटवा, लोकांची लग्नं कशाला चिकटवता?’ मावशी, दुसऱ्या दिवशी चारशे लोक आले. आणखी सांगा म्हणाले. ही आजी कोण म्हणाले. आणि मी... मला क्षणभर काय झालं कोण जाणे, मी लिहिलं, ‘मी.’

तेव्हापासून गेली सव्वादोन वर्षं तू ब्लॉग लिहितेस. ‘इईदाची म्हातारी’ हे तुझं नाव. तुला साडेचार हजार वाचक आहेत. मनापासून अभिनंदन.

तुला पत्र का लिहिलं नाही, त्याचं कारणही हेच. आठवड्यातून दोनदा तुझ्या आवाजात लिहायचं म्हणजे आधी तू काय म्हणशील ते कानात ऐकावं लागतं, आणि ते ऐकता ऐकता तुला भेटून आल्यासारखं व्हायचं. मग वेगळं पत्र राहूनच जायचं. हे काही बरोबर नाही, मला कळतं. काका गेल्यानंतर त्या घरात तू एकटी कशी असशील, हे विचारायला घाबरत होते, हेही त्यात आलंच.

तुझ्याबद्दल काही गोष्टी मी वाढवल्या आहेत, त्या तुला माहीत असाव्यात. तुझ्याकडे तीन मांजरं आहेत. (दिसलं मांजर की तू पाण्याचा तांब्या उचलतेस हे मी विसरलेले नाही, पण वाचकांना मांजरं लागतात, माझा नाइलाज होता.) तू टीव्ही बघत नाहीस, संध्याकाळी डोंगर बघतेस. लोक तुला सल्ले विचारतात आणि तू देतेस. सेंदाईच्या एका बाईंचा नवरा निवृत्त होऊन दिवसभर घरात त्यांच्या मागेमागे फिरत होता. तू त्यांना सांगितलंस, त्याच्या हातात दोऱ्यांचा जुडगा द्या आणि रंग वेगळे करायला बसवा. नवरा म्हणे आता बोलावलं तरी उठत नाही. त्या बाईंनी तुला आभार म्हणून, मी दिलेल्या नागोयाच्या पत्त्यावर, वाळवलेले मासे पाठवले. ते मी खाल्ले. चांगले होते. शिवाय तुझी नागोयाच्या ऑफिसात काम करणारी एक भाची आहे, जरा धसमुसळी पण मनाने सोनं. (ही भाची वाचकांची फार लाडकी आहे. तिच्यावर मी मेहनतही बरीच घेतली आहे.)

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. आता मुरोई साहेब.

मुरोई साहेब आमच्या खात्याचे प्रमुख. वय सत्तावन्न. बारा महिने तोच करड्या लोकरीचा स्वेटर, बाहेर जाताना प्रत्येक खोलीचा दिवा बंद करणार, मग आत कोणी बसलेलं का असेना. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरणार. हसताना त्यांना मी चौदा वर्षांत दोनदा पाहिलं, त्यातलं एकदा शिंक होती. आमच्याकडे सोमवारी सकाळी सगळ्यांनी उभं राहून एकाचं तीन मिनिटांचं भाषण ऐकायचं असतं. एका सोमवारी साहेबांची पाळी होती. त्यांनी चष्मा लावला, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाले, ‘इईदाच्या एक आजी आहेत. त्यांनी लिहिलंय, दोरी ओढायच्या आधी कुरवाळावी लागते, नाहीतर मोडते. नव्याने लागलेल्या मुलांशी आपण असं वागतो का, याचा विचार करा.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली आणि वहीत टिपून घेतलं. माझंच वाक्य. मावशी, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आनंदानेच.

आणि मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला ब्लॉगवर त्यांची मागणी आली. दोन पाकिटं. एक आमच्या संचालकांच्या मुलाच्या लग्नाला, आणि एक स्वतःच्या भाचीला मुलगा झाला म्हणून. दोन्ही एकाच फिक्या शेंदरी रंगात हवीत, म्हणे, ‘आजींनी मागे लिहिलेल्या संध्याकाळच्या डोंगराच्या रंगात.’ शहाण्या बाईने इथे नाही म्हटलं असतं. पण ज्या माणसाच्या टेबलापासून मी आठ पावलांवर बसते, तो माणूस माझ्या हातचं मागतो आहे, तेही नकळत, हे सुख मला सोडवेना.

आता तुला गाठींबद्दल सांगणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा, पण ब्लॉगमुळे समजावून सांगायची खोड लागली आहे. बाळाच्या पाकिटाला फुलपाखरासारखी सुटी गाठ, ओढली की सुटते आणि पुन्हा बांधता येते, म्हणजे असा आनंद पुन्हा पुन्हा येवो. लग्नाला पक्की गाठ, एकदाच, पुन्हा नाही. दोन्ही पाकिटं लिहून तयार होती, दोन्ही गाठी बांधून झाल्या होत्या, फक्त गाठींची कडी पाकिटांवर सरकवायची राहिली होती, आणि सायरन वाजला. भूकंपाची कवायत! ती कवायत मीच ठरवली होती, मीच सगळ्यांना पत्रक काढलं होतं, आणि मीच विसरले होते. हेल्मेट घालून पिवळा झेंडा घेऊन दोनशे माणसांना गाड्या लावायच्या मैदानात न्यायचं काम माझं. गाठी पाटावर ठेवून जाववेना, कोणी बघितलं तर? म्हणून दोन्ही हेल्मेटमध्ये घातल्या आणि हेल्मेट डोक्यावर. पाऊण तास मी मैदानात ताठ मानेने उभी होते. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी माझ्या शिस्तीचं कौतुकही केलं. परत आल्यावर जेवणाची सुट्टी संपायला चार मिनिटं, पोस्टाची गाडी खाली उभी, दोन्ही गाठी एकाच रंगाच्या, माझे हात घामाने ओले. पुढचं तू ओळखलंच असशील.

लग्नाच्या पाकिटावर सुटी गाठ गेली. लग्न पुन्हा होवो.

एवढंही खपून गेलं असतं, आजकाल कोण इतकं बघतं! पण संचालकांच्या मुलाचं हे दुसरं लग्न होतं. मांडवाच्या दारात पाकिटं घ्यायला त्याची आत्या बसली होती. तिने पाकीट पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग संचालकांच्या बायकोला बोलावून दाखवलं. त्या बाई फार गोड आवाजात म्हणाल्या म्हणे, ‘मुरोईसान, तिसऱ्या लग्नालाही बोलवायचं का तुम्हाला? आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे यादीत घालते.’ (दुसरं पाकीट, ते पक्क्या गाठीचं, साहेबांच्या भाचीकडे गेलं. तिला हा तिसरा मुलगा. पुढे मुलं नकोत असा त्या गाठीचा अर्थ. ती म्हणाली, आलेल्या सगळ्या आहेरांत हा एकच समजूतदार निघाला. म्हणजे निम्मं काम बरोबर झालं, हेही लक्षात घ्यावं.)

तीस वर्षं हीच पाकिटं हाताळलेला माणूस, त्याला दिसलं कसं नाही, असं सगळे विचारत होते. मला माहीत आहे का दिसलं नाही. इईदाच्या आजींनी बांधलंय म्हटल्यावर त्यांनी तपासलंच नाही. संचालकांपुढे ते एवढंच म्हणाले, की चूक माझी, मी बघून घ्यायला हवं होतं. कोणी बांधलं, कुठून आणलं, अवाक्षर काढलं नाही. आता कुजबुज अशी आहे, की एप्रिलमध्ये त्यांना गिफूच्या गोदामात पाठवणार. गोदामात दिवे बंद करायलाही कोणी नसतं. मावशी, माझ्या हातून झालेली चूक तो माणूस आपल्या नावावर घेऊन गप्प बसला आणि मी आठ पावलांवर बसून हरवलेल्या छत्र्यांची यादी करत होते. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

बरं, त्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. ‘कुसुमोतोबाई, तुमची भाषा चांगली आहे. ब्लॉगवरून एक पत्र पाठवायचंय. इईदाच्या आजींना कळवायला हवं, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणाचं असं व्हायचं नाही. पण त्यांना लागता कामा नये.’ मग ते सांगत गेले आणि मी, मलाच उद्देशून, माझी चूक मला सौम्य शब्दांत लिहीत गेले. एका जागी मी जरा कडक शब्द घातला, वाटलं तेवढी माझी लायकी आहे. साहेबांनी तो खोडला. ‘म्हाताऱ्या माणसाला असं लिहितात का? तुम्हाला घरी कोणी वडीलधारं नाही का?’ मी म्हटलं, एक मावशी आहे. ‘मग तिला लिहिताय असं समजा,’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सामानाच्या खोलीत बसून मी तुझ्या नावाने त्या पत्राला ब्लॉगवरूनच उत्तर दिलं. मनापासून दिलं. चूक माझीच, हात घाईत होता, चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं, डोकं जमिनीला टेकवून क्षमा मागते, असं सगळं. ते साहेबांनी छापून घेतलं, दोनदा वाचलं, मला वाचायला दिलं. मी वाचलं. (एक शब्द दोनदा आला होता, तेव्हा लक्षात आलं नव्हतं.) मग म्हणाले, ‘बघा. याला म्हणतात पत्र. तुम्हाआम्हाला असं लिहिता येणार नाही.’ मी म्हटलं, नाही येणार. मग त्यांनी ‘इईदा प्रकरण’ नावाची फाइल उघडली आणि ती नीट लावून ठेवायला मलाच दिली. आता त्या फाइलमध्ये माझीच पत्रं मलाच आलेली आहेत.

इथेच थांबायचं ना त्यांनी! पण दोन दिवस ते नुसते खिडकीतून बघत बसले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, ‘शहात्तर वर्षांच्या बाईला मी जमिनीवर डोकं टेकवायला लावलं. मला झोप नाही. मी स्वतः जाऊन त्यांची माफी मागणार.’ मी सांगून पाहिलं, इईदा लांब आहे, बसमध्ये दोन तास जातात, आजींना कमी ऐकू येतं, त्यांना पाहुणे आवडत नाहीत, घरात मांजरं फार. ‘मग मांजरांना थोडे मासे नेतो,’ म्हणाले. पत्ता त्यांच्याकडे आहे, कारण पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून मी पहिल्यापासून तुझाच घालते. (परत आलेली काही पाकिटं तुझ्याकडे साठली असतील, तर ती ही.)

तर असं सगळं आहे. काळजीचं काहीच नाही. माझ्या हातात कला आहे, साडेचार हजार माणसं आपल्या पाठीशी आहेत, आणि रविवार एकदा पार पडला की पुढच्या वर्षी मी मोठा पाट घेणार आहे. थंडीत डोक्याला रुमाल बांधत जा.

तुझी,
चिहारू

ता. क. मुरोई साहेब रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला तुझ्या दारात उभे राहतील. करडा स्वेटर, हातात उइरो मिठाईचं खोकं. ते आधी फार वेळ वाकतील, तेव्हा तूही वाक, पण गुडघा सांभाळून. ते माफी मागतील, मग तू माग, मग ते पुन्हा मागतील. तिसऱ्यांदा तू चहा आण. साखर नको. टीव्ही बंद ठेव, त्या दिवशी सुमोची शेवटची कुस्ती आहे हे मला माहीत आहे, पण एक दिवस डोंगर बघ. शेजारच्या मियाशितांकडे मांजर आहे, ते एक तासभर मागून आण. दोन कुठे आहेत विचारलं तर फिरायला गेलीत म्हण. भाचीबद्दल विचारलं तर ती फार दूर असते, असं सांग. एवढंच मागणं होतं. तुला फार खोटं बोलावं लागणार नाही, प्रत्येक वाक्यात थोडं थोडंच.

दुसरा ता. क. (गुरुवार) वरचा ता. क. खोडायचा होता, पण पान पुन्हा लिहायला वेळ नाही, म्हणून तू मनातल्या मनात खोड. मियाशितांकडे जाऊ नकोस. आज साहेबांनी ते खोकं माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि विचारलं, माफीच्या खोक्याला कुठली गाठ? मी म्हटलं, पक्की, म्हणजे पुन्हा अशी वेळ येऊ नये. ‘मग बांधा,’ म्हणाले. मला काय झालं सांगू? मी दुकानातली आणते म्हणू शकले असते. पण पिशवीत दोऱ्या होत्या, आणि चिकटवलेलं काही घेऊन तो माणूस तुझ्या दारात यावा हे मला सहन होईना. मी बांधायला घेतलं. आधी पाचही दोऱ्या अंगठ्याच्या नखाने तीनदा निरपल्या, तू करतेस आणि ब्लॉगवर लिहिलंय तशाच, मग गाठ घातली, मग टोकं कापली. त्यात पाच मिनिटं गेली असतील. साहेब उभेच होते. मी वर पाहिलं तेव्हा ते गाठीकडे बघत नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. मी तेवढ्यानेच सगळं सांगून टाकलं. ब्लॉग, हेल्मेट, तू, मासे, सगळं, एका दमात. संचालकांना मी स्वतः जाऊन सांगते असंही म्हटलं. साहेबांनी सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘कुसुमोतोबाई, रविवारची दोन तिकिटं काढा. मावशींची माफी आपण दोघांनी मागायला हवी. कलम एकोणतीसचं येताना बसमध्ये बोलू, दोन तास आहेत.’ चेहऱ्यावरून त्यांचं काही कळत नाही. पण जाताना त्यांनी माझा दिवा बंद केला नाही.

तिसरा ता. क. म्हणजे मीही येते आहे. सुमो बघ, मांजर नको.

एक राहिलं, आणि बस सुटायच्या आधी हे तुला कळलेलं बरं. गेल्या महिन्यात ब्लॉगवर तू माझ्याबद्दल लिहिलंस, ‘भाचीने बांधलेली गाठ काल पाहिली. आता तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही.’ त्या लेखाला सर्वांत जास्त पत्रं आली. लोक रडले. मीही रडले, आणि ते लिहिलं होतं मीच. साहेबांना तो लेख पाठ आहे. तू खरंच असं म्हणाली होतीस का, ते तुला विचारल्याशिवाय राहणार नाहीत.

मावशी, तू जगात सगळ्यांना तोंडावर बोलतेस, मला मात्र कधी बोलली नाहीस. लहानपणी माझी गाठ चुकली की तू ती गुपचूप सोडवायचीस आणि दोऱ्या परत माझ्या हातात द्यायचीस. जमली तरी तू काही म्हणत नसायचीस, नुसती बाजूच्या टोपलीत ठेवायचीस. मग त्या टोपलीतल्या चांगल्या कुठल्या आणि तू नंतर सोडवलेल्या कुठल्या, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. या पाकिटात परवा बांधलेली एक गाठ ठेवली आहे. रविवारपर्यंत ओढून बघ, उजेडात धरून बघ, आणि साहेबांनी विचारलं की खरं असेल तेच सांग, माझी नोकरी राहो न राहो. जमली नसेल तर माझ्यासमोर सोडव. पण या वेळी सोडवताना काहीतरी बोल.